बेटकुळी आणि बळ : शिल्पातील द्विशिरस्क स्नायूचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

मानवी शरीरात सहाशेहून अधिक अस्थिबद्ध स्नायू आहेत. त्यांपैकी सर्वसामान्य माणसाला नावानिशी ठाऊक असलेले स्नायू अगदी मोजके असून त्यांत अग्रस्थान दंडाच्या पुढील बाजूस असलेल्या द्विशिरस्क स्नायूचे, अर्थात बायसेप्सचे आहे. लहान मुलास ‘तुझी ताकद दाखव’ असे म्हटले की ते मूठ वळून कोपर दुमडते व दंडावर उमटणाऱ्या उंचवट्याकडे बोट दाखवते. मराठीने या उंचवट्यास बेटकुळी असे समर्पक नाव दिले आहे. त्वचेखाली एखादी लहानशी बेडकी दबा धरून बसावी, तशी ती भासते. स्नायू या अर्थाचा लॅटिन शब्द ‘मस्क्युलस’ हादेखील ‘छोटा उंदीर’ या अर्थाचाच आहे. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी त्वचेखालच्या हालचालीत एकेक चिमुकला प्राणी पाहावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. भाषेने प्रथम टिपले ते स्नायूचे दिसणे. त्याचे कार्य नव्हे.

दिसणे आणि कार्य यांतील हा भेद कलासमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. शिल्पातील देह ‘शरीरशास्त्रीयदृष्ट्या अचूक’ आहे की नाही हे ठरविताना स्नायूंचे ठळक उठाव हाच निकष मानण्याची सवय समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. या निकषावर ग्रीक-रोमन शिल्प उत्तीर्ण होते आणि भारतीय शिल्प अनुत्तीर्ण. प्रस्तुत लेखात द्विशिरस्क स्नायूची प्रत्यक्ष रचना व कार्य ध्यानात घेऊन हा निकषच तपासला आहे. त्यासाठी नेपल्स येथील फार्नेसे हर्क्युलिस आणि वेरूळच्या कैलास लेण्यातील कैलास हलविणारा रावण ही दोन शिल्पे मुख्यत्वे विचारात घेतली आहेत.

द्विशिरस्क स्नायू : रचना व कार्य

द्विशिरस्क म्हणजे दोन शिरे असलेला. या स्नायूची दोन्ही शिरे अंसफलकापासून, म्हणजे खांद्याच्या मागील चपट्या हाडापासून निघतात. लांब शिराचा कंडरा खांद्याच्या सांध्यातून भुजास्थीच्या माथ्यावरून पुढे येतो आणि तेथील खोबणीतून खाली उतरतो. आखूड शिर अंसफलकाच्या चोचीसारख्या पुढे आलेल्या भागापासून निघते. दोन्ही शिरे एकत्र येऊन बनलेला कंडरा कोपराच्या खाली, प्रकोष्ठातील अंगठ्याकडील हाडाला जोडलेला असतो. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. ज्या भुजास्थीवर हा स्नायू विसावलेला दिसतो, त्या हाडाला तो जोडलेला नाही. तो खांद्यापासून प्रकोष्ठापर्यंत जाणारा, वाटेत दोन सांधे ओलांडणारा स्नायू आहे.

प्रकोष्ठातील अंगठ्याकडील हाड करंगळीकडील हाडाभोवती फिरू शकते आणि त्यामुळेच तळहात पालथा-उताणा करता येतो. द्विशिरस्क स्नायू याच फिरणाऱ्या हाडाला जोडलेला असल्याने कोपर दुमडण्याबरोबरच तळहात उताणा करणे हे त्याचे प्रमुख कार्य आहे. कोपर काटकोनात असताना तो हे कार्य सर्वाधिक जोमाने करतो. उजव्या हाताने स्क्रू पिळून घट्ट बसविताना जो जोर लागतो तो बव्हंशी याच स्नायूचा असतो. तळहात पालथा असताना मात्र कोपर दुमडण्यात त्याचा वाटा बराच घटतो.

मग कोपर दुमडण्याचे काम मुख्यत्वे कोण करते? द्विशिरस्क स्नायूच्या खाली दडलेला ब्रॅकिॲलिस हा स्नायू. तो भुजास्थीच्या खालच्या अर्ध्या भागापासून निघून करंगळीकडील हाडाला जोडलेला आहे. हे हाड तळहाताबरोबर फिरत नाही. त्यामुळे तळहात कसाही असो, ब्रॅकिॲलिस आपले काम समान जोमाने करीत राहतो. शरीरशास्त्रज्ञ त्यालाच कोपराचा प्रमुख आकुंचक मानतात. परंतु तो आत असल्याने त्याला बेटकुळीचा मान नाही. अशा प्रकारे सर्वाधिक दिसणारा स्नायू आणि सर्वाधिक राबणारा स्नायू हे दोन निराळे स्नायू आहेत.

तरफेच्या नियमाने पाहिले तरी हेच आढळते. द्विशिरस्क स्नायूचा कंडरा कोपराच्या आसापासून साधारण ५ सेंटिमीटरवर कार्य करतो आणि तळहातावरील वजन साधारण ३५ सेंटिमीटरवर असते असे धरल्यास, प्रकोष्ठाचे स्वतःचे वजन वगळूनही, तळहातावर १० किलोग्रॅम वजन तोलून धरण्यासाठी आकुंचक स्नायूंना ७० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. ही रचना बळाची बचत करणारी नव्हे. ती थोड्या आकुंचनात हाताला मोठी व जलद हालचाल मिळवून देणारी आहे.

मांडीच्या मागील बाजूसही याच नावाचा एक द्विशिरस्क स्नायू आहे. गुडघा दुमडताना तो कार्य करतो आणि चालण्या-धावण्यात त्याचा सहभाग सततचा असतो. परंतु कोणत्याही संस्कृतीने त्याला पराक्रमाचे चिन्ह मानल्याचे प्रसिद्ध उदाहरण नाही. तो पाठीमागे आहे आणि धारण करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. चिन्ह होण्यासाठी बळापेक्षा जागा महत्त्वाची ठरते, हे यावरून सूचित होते.

आता बेटकुळी दाखविण्याची सुपरिचित मुद्रा पुन्हा पाहावी. तीत कोपर दुमडलेले असते आणि मूठ चेहऱ्याकडे वळलेली, म्हणजे तळहात उताणा केलेला असतो. द्विशिरस्क स्नायूची दोन्ही कार्ये एकाच वेळी कमाल मर्यादेला नेणारी ही स्थिती आहे; म्हणून बेटकुळी तीत सर्वाधिक उठून दिसते. मात्र या मुद्रेत हात कशालाही उचलत नाही, ओढत नाही वा ढकलत नाही. दंडाच्या पुढचे व मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ताणलेले असतात आणि हात जागच्या जागी राहतो. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत येथे कार्य शून्य आहे. सामर्थ्याची जगातील सर्वाधिक ओळखीची प्रतिमा ही काहीही न करणाऱ्या हाताची प्रतिमा आहे.

फार्नेसे हर्क्युलिस : विश्रांतीतील स्फीत देह

पाश्चात्त्य कलेत बलाढ्य देहाचा आदर्श म्हणून ज्या शिल्पाचा शतकानुशतके अभ्यास झाला, ते म्हणजे फार्नेसे हर्क्युलिस. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील लिसिपसच्या कांस्यशिल्पावरून अथेन्सच्या ग्लायकॉनने घडविलेली ही संगमरवरी प्रतिकृती रोममधील काराकाल्लाच्या स्नानगृहांसाठी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी तयार झाली. सोळाव्या शतकात ती तेथील उत्खननात सापडली व फार्नेसे घराण्याच्या संग्रहात गेली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असून तिची उंची तीन मीटरहून अधिक आहे.

हा हर्क्युलिस लढत नाही. तो आपल्या गदेवर रेलून उभा आहे. मान खाली झुकली आहे. पाठीमागे घेतलेल्या उजव्या हातात हेस्पेरिडीसची सफरचंदे आहेत. श्रम संपले आहेत आणि विजयानंतरचा थकवा अंगभर पसरला आहे. शिल्पाचे भावसौंदर्य या थकव्यात आहे. तथापि त्याच्या दंडांवरील, छातीवरील व पोटावरील स्नायू मात्र जणू तो या क्षणी जगाचा भार उचलीत आहे अशा रीतीने फुगलेले आहेत. व्यायामाने वाढलेल्या स्नायूला विश्रांतीतही आकारमान असते, हे मान्यच करावयास हवे. परंतु शिथिल स्नायूच्या कडा मृदू होतात, त्याचा उंचवटा पसरतो. येथे तसे घडलेले नाही. शिल्पकाराने देहाची स्थिती विश्रांतीची दाखविली आणि स्नायूंची स्थिती कार्याची.

या विसंगतीस दोष म्हणणे उचित होणार नाही. बारा पराक्रमांची स्मृती एका थकलेल्या देहात साठवावयाची, तर गतकाळातील श्रमांची खूण देहावर कोठेतरी राहावयास हवी. फुगलेले स्नायू ही ती खूण आहे. परंतु ती खूण आहे, निरीक्षण नव्हे, एवढे स्पष्ट व्हावयास हवे. ज्या शिल्पास शरीरशास्त्रीय अचूकतेचा मानदंड मानले गेले, तेच शिल्प स्नायूचा उपयोग संकेत म्हणून करते.

लिओनार्दोची कसोटी

हा आक्षेप आधुनिक काळात प्रथमच घेतला जात आहे असे नाही. लिओनार्दो दा विंची याने शवविच्छेदनाच्या आधारे, विशेषतः १५१० च्या सुमारास, खांदा व बाहू यांची जी रेखाटने केली ती आज विंडसर येथील राजसंग्रहात आहेत. द्विशिरस्क स्नायू कोपर दुमडण्याबरोबरच तळहात उताणा करतो, हे त्याने हाडे व कंडरे यांचा संबंध तपासून ओळखले होते. त्याचे लक्ष स्नायू कसा दिसतो यापेक्षा तो कोठून कोठे जातो आणि आकुंचन पावल्यावर कोणते हाड हलवितो याकडे होते.

याच दृष्टीमुळे आपल्या टिपणांत त्याने नग्नाकृतीतील सर्व स्नायू एकाच वेळी फुगवून दाखविणाऱ्या चित्रकारांची टर उडविली आणि अशा देहांना अक्रोडांच्या पोत्याची उपमा दिली. जो स्नायू त्या क्षणी काम करीत आहे तोच ठळक दाखवावा, इतरांना शिथिल ठेवावे, असा त्याचा आग्रह होता. या कसोटीचे महत्त्व असे की, ती शरीरज्ञान आणि स्नायुप्रदर्शन यांची फारकत करते. जो अधिक जाणतो तो अधिक स्नायू दाखवीलच असे नाही. किंबहुना जाणणारा कमी दाखवितो.

चिन्हाचा प्रसार : सँडो आणि तालीम

लिओनार्दोची ही कसोटी रेखाटनांच्या वह्यांत राहिली. लोकमानसात प्रतिष्ठा मिळाली ती हर्क्युलिसच्या देहास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाने या प्रतिष्ठेस नवे वाहन दिले. १८६७ मध्ये जन्मलेल्या यूजेन सँडो याने प्राचीन शिल्पांच्या मुद्रा धारण करून, फार्नेसे हर्क्युलिसच्या मुद्रेसह, आपली छायाचित्रे काढून घेतली. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरविलेल्या देहसौष्ठव स्पर्धेत एक परीक्षक शिल्पकार चार्ल्स लॉज हा होता, तर दुसरा साहित्यिक आर्थर कॉनन डॉइल. देहाचे मूल्यमापन त्याच्या कार्यावरून न करता शिल्पाप्रमाणे पाहून करण्याची ही प्रथा होती. शिल्पाने देहाचे अनुकरण करावे या जुन्या नात्याची येथे उलटापालट झाली. देह शिल्पाचे अनुकरण करू लागला.

१९०४-०५ मध्ये सँडोने भारताचा दौरा केला. मराठीत बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकास मिळालेले ‘सँडो बनियन’ हे नाव त्याच्याच नावावरून आले असे मानले जाते. दंड उघडे ठेवणाऱ्या वस्त्रास त्याचे नाव मिळावे, यात औचित्य आहे.

महाराष्ट्रातील तालमीत त्यापूर्वीपासून देहबळाची एक वेगळी परंपरा नांदत होती. तालमीतील जोर हा व्यायाम छाती, खांदे व दंडाचा मागील त्रिशिरस्क स्नायू यांना मेहनत देतो आणि बैठका मांड्यांना. बेटकुळी हे त्यांपैकी कशाचेही उद्दिष्ट नाही. मल्ल आव्हान देतो ते शड्डू ठोकून किंवा दंड थोपटून. या कृतीत दंड दाखविला जात नाही, वाजविला जातो. मराठी भाषेतील बळाची स्थानेही पाहण्यासारखी आहेत : जोर मनगटात असतो, कंबर कसली जाते, खांदा दिला जातो, पाठीशी उभे राहिले जाते, विधान छातीठोक असते. बेटकुळी मात्र ‘दाखविली’ किंवा ‘फुगविली’ जाते आणि या दोन्ही क्रियापदांत प्रशंसेपेक्षा थट्टेची छटा अधिक असते. बळ आणि बळाचे प्रदर्शन यांतील भेद भाषेने अशा रीतीने जपून ठेवला आहे.

वेरूळचा रावण : स्नायूविना बळ

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आश्रयाने वेरूळचे कैलास मंदिर कोरले गेले. आज क्रमांक १६ चे लेणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंदिराच्या दक्षिण बाजूस रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचे विख्यात शिल्प आहे. वरच्या भागात शिव-पार्वती बसलेली आहेत. पार्वती भयाने शिवाला बिलगली आहे. एक दासी पळत सुटली आहे. शिव मात्र अविचल आहे. खालच्या खोल, अंधाऱ्या पोकळीत पाय दुमडून रेटा लावणारा रावण आहे. त्याचे अनेक हात दोन्ही बाजूंना पसरून पर्वताला भिडले आहेत. काही हात आज भग्न आहेत, तरीही रेट्याचा प्रत्यय उणावत नाही.

या हातांवर बेटकुळी नाही. दंड खांद्यापासून कोपरापर्यंत भरीव, गोलसर आणि अखंड आहेत. भारतीय शिल्पपरंपरेत सामान्यतः दंडाचा हा भाग स्नायूच्या उठावाऐवजी केयूर, वाकी यांसारख्या अलंकारांसाठी राखलेला असतो. तरीही या शिल्पाकडे पाहणाऱ्यास रावण दुबळा वाटत नाही. त्याचे बळ कोठून येते? एक तर हातांच्या मांडणीतून : चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेले हात एकाच प्रयत्नाचे क्रमाने वाढत जाणारे आवर्तन निर्माण करतात. दुसरे असे की, वरच्या व खालच्या भागांतील विरोधातून. पळणारी दासी आणि बिलगणारी पार्वती या रावणाच्या बळाच्या साक्षीदार आहेत; बळ त्याच्या दंडावर न कोरता त्याच्या परिणामांत कोरले आहे. तिसरे, प्रकाश आणि अंधार यांच्या योजनेतून; रावणाभोवतालची पोकळी इतकी खोल आहे की पर्वताचा भार डोळ्यांना जाणवतो.

आता हेच शिल्प कार्याच्या निकषावर तपासावे. खाली बसून वरचा भार रेटणाऱ्या देहात काम करतात ते मांड्यांचे, पाठीचे व खांद्यांचे स्नायू आणि कोपर सरळ करणारा दंडामागील त्रिशिरस्क स्नायू. द्विशिरस्क स्नायू अशा वेळी अगदीच निष्क्रिय असतो असे नव्हे. खांदा स्थिर ठेवण्यात त्याचे साहाय्य होते. परंतु भार वर रेटण्याचे श्रेय त्याचे नव्हे. रावणाच्या दंडावर शिल्पकाराने फुगलेली बेटकुळी कोरली असती, तर लिओनार्दोच्या कसोटीवर ती चूक ठरली असती. वेरूळच्या कारागिराने शरीरशास्त्राचा हिशेब मांडून बेटकुळी टाळली, असा दावा येथे अभिप्रेत नाही. त्याने आपल्या परंपरेचा संकेत पाळला. मात्र तो संकेत देहाच्या कार्याशी विसंगत नव्हता, हे मान्य करावे लागते.

बर्डवुड-हॅवेल वादाची फेरतपासणी

या विवेचनाच्या प्रकाशात विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक वाद पुन्हा पाहणे उपयुक्त ठरते. बेळगाव येथे १८३२ मध्ये जन्मलेले जॉर्ज बर्डवुड हे पेशाने वैद्य होते. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले होते. भारतीय हस्तव्यवसायांचे ते मोठे चाहते. परंतु १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय औद्योगिक कलांवरील ग्रंथात त्यांनी पौराणिक देवतांची रूपे उच्च कलेस प्रतिकूल असल्याचे मत मांडले. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांच्या निबंधावरील चर्चेत तर त्यांनी ध्यानस्थ बुद्धमूर्तीस चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. ही टीका थेट स्नायूंविषयी नव्हती. परंतु उकडलेल्या गोळ्याची उपमा ज्या देहास दिली गेली, तो देह स्नायूंच्या कडांविना घडविलेला होता हे लक्षणीय आहे. या उद्गारांचा निषेध झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली.

हॅवेल यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथातच उत्तराची दिशा निश्चित केली होती. ग्रीक आदर्श मल्लाचा, तर भारतीय आदर्श योग्याचा. भारतीय कलावंत देहाचे तपशील जाणीवपूर्वक गाळून सूक्ष्म, आध्यात्मिक देह घडवितो, अशी त्यांची भूमिका होती. आनंद कुमारस्वामी यांनीही १९१३ मधील, व पुढे १९१८ च्या ‘द डान्स ऑफ शिव’ या संग्रहात समाविष्ट झालेल्या, बहुभुज मूर्तींवरील लेखात कलाकृतीस निसर्गाशी ताडून पाहणाऱ्या समीक्षेचा समाचार घेतला.

हे उत्तर प्रभावी होते, परंतु त्यात एक त्रुटी राहून गेली. भारतीय शिल्पात शरीरज्ञान नाही, असे एका पक्षाने म्हटले. भारतीय शिल्पास शरीरज्ञानाची गरजच नाही, असे हॅवेल यांच्या पक्षाने म्हटले. शरीरज्ञान म्हणजे स्नायूंचे दर्शन, हे गृहीतक दोन्ही पक्षांना समान मान्य होते. ते गृहीतक मुळातच सदोष आहे, हे द्विशिरस्क स्नायूच्या उदाहरणावरून दिसून येते. शिवाय वस्तुस्थितीही या द्वंद्वात बसत नाही. लाहोर संग्रहालयातील गांधार शैलीच्या उपोषित बुद्धाच्या शिल्पात फासळ्या व शिरा किती बारकाईने कोरल्या आहेत, हे सुपरिचित आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची पद्धत वर्णिली असून पेशींची संख्या ५०० व त्यांपैकी ४०० हातापायांत असल्याचे सांगितले आहे. ही गणना आधुनिक शरीरशास्त्राशी जुळत नाही आणि शिल्पकारांनी ती संहिता वाचली होती असेही यावरून म्हणता येत नाही. मात्र देहाच्या आत डोकावण्याची जिज्ञासा या भूमीत नव्हती, हे विधान त्यामुळे टिकत नाही. वेरूळचा रावण योगी नाही. तो देहबळाचाच पुतळा आहे. त्याला ‘आध्यात्मिक देह’ ठरविल्यास त्याच्या बळाचे स्पष्टीकरण होत नाही आणि ‘शरीरशास्त्रहीन’ ठरविल्यास त्याच्या रेट्याचे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. द्विशिरस्क स्नायू हा बळाचा प्रमुख कर्ता नसून बळाचे सर्वाधिक दृश्य चिन्ह आहे. त्याचे ठळक अंकन हे शरीरज्ञानाचे प्रमाण नसून एक कलासंकेत आहे, जसा दंडाचा अखंड गोलावा हा दुसरा कलासंकेत आहे. एका संकेताने दुसऱ्याची परीक्षा घेणे म्हणजे एका भाषेच्या व्याकरणाने दुसऱ्या भाषेतील वाक्ये चुकीची ठरविणे होय.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक निश्चित सूचना निघते. कलेच्या इतिहासाच्या वर्गात शिल्पातील देहाविषयी ‘स्नायू दाखविले आहेत काय?’ या प्रश्नाऐवजी ‘हा देह काय करीत आहे आणि ते कशाच्या योगे प्रतीत होते?’ हा प्रश्न विचारला जावा. या प्रश्नापुढे फार्नेसे हर्क्युलिस आणि वेरूळचा रावण समान पातळीवर येतात : एकाचे बळ झालेल्या श्रमांच्या खुणांत आहे, तर दुसऱ्याचे चालू असलेल्या रेट्याच्या परिणामांत. दोघांचेही मोठेपण अबाधित राहते. मागे पडते ती केवळ बेटकुळी मोजणारी समीक्षा.